उद्यमबागेतली खरेदीदार-पुरवठादार भेट: ऑनलाइन साधनं निवडतानाच्या प्रकल्प नोंदी

३ नोव्हेंबर

आमच्या बेळगावच्या उद्योजक संघटनेच्या बैठकीत पक्कं झालं. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात एक दिवसाची खरेदीदार-पुरवठादार भेट घ्यायची. एका बाजूला उद्यमबाग, मच्छे, अनगोळ इथले फाउंड्रीवाले, मशीन शॉपवाले, हायड्रॉलिकचे पार्ट बनवणारे, शिवाय हद्दीपलीकडे महाराष्ट्रात शिनोळीत शेड टाकलेले आपलेच लोक. दुसऱ्या बाजूला कोल्हापूर, हुबळी-धारवाड आणि गोव्यात वेर्ण्याच्या कंपन्यांची खरेदी खाती. नोंदणी, प्रसिद्धी आणि त्यासाठी लागणारी ऑनलाइन साधनं निवडायचं काम माझ्याकडे आलं. पुढच्या खेपेला हे काम दुसऱ्या कुणाकडे गेलं तर त्याला शून्यापासून सुरुवात करायला लागू नये, म्हणून लिहून ठेवते आहे.

आपल्याकडे उद्योजक मेळावा म्हटलं की दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, मनोगतं आणि जेवण. बाहेरगावचा खरेदी अधिकारी जेवून गाडीत बसतो आणि ज्याच्यासाठी त्याला बोलावलं तो शॉपवाला मागच्या खुर्चीवरून नमस्कार करून परत येतो. मला याचं फार वाईट वाटतं, कारण हातातलं काम आपल्याकडे चांगलं आहे. म्हणून प्रत्येक साधनाला मी एकच कसोटी लावणार: यामुळे योग्य पुरवठादार योग्य खरेदीदारासमोर वीस मिनिटं बसेल का?

उठता उठता अध्यक्ष काकांनी विचारलं, “ॲप-बिप सगळं ठीक हाय गं, पण लोकांना फोन कोण करणार ते आधी सांग बघू.” फोन मी आणि ऑफिसात हिशेब बघणारी वहिनी करणार. पण कुणाला करायचा, काय विचारायचं आणि आलेलं उत्तर कुठं लिहायचं, हे फोन उचलायच्या आधी ठरलेलं हवं.

६ नोव्हेंबर

तारीख. डिसेंबरात इथल्या सुवर्णसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन असलं की गावात लॉजची खोली मिळत नाही. जानेवारीत बंगळूरला बीआयईसी प्रदर्शन केंद्रात इमटेक्स हे मशीन टूलचं प्रदर्शन, मशीन टूलशी संबंध असलेला माणूस तिकडे. माघी पौर्णिमेला सौंदत्तीची यल्लम्मा, तेव्हा निम्मे कामगार जत्रेला आणि भाड्याच्या गाड्या सगळ्या तिकडे. मार्च म्हणजे वर्षअखेर, कुणीही बोलायच्या मनःस्थितीत नसतं. लग्नाच्या मुहूर्तांना सभागृहं केव्हाच गेलेली. या सगळ्यातून ७ फेब्रुवारीचा शनिवार उरला. गूगल कॅलेंडरमध्ये सरकारी सुट्ट्या आपोआप येतात, जत्रा आणि मुहूर्त येत नाहीत. ते हातानं भरून कॅलेंडर कार्यकारिणीत सगळ्यांना दिलं.

९ नोव्हेंबर

तिकीट मंच पाहिले. टाउनस्क्रिप्ट पुण्यात सुरू झालेला, २०१७ पासून बुकमायशोकडे. कार्यक्रमाचं पान पटकन तयार होतं, तिकिटावर क्यूआर येतो, दारावर मोबाइलनं स्कॅन करता येतो. कॉन्फहब टेक परिषदांना सोयीचा. झोहो बॅकस्टेज मोठ्या परिषदेसाठी: वक्ते, सत्रं, प्रदर्शक, प्रायोजक, सगळ्याला जागा आहे आणि ते सगळं भरत बसायला एक माणूस लागेल. मीटअपवर आयोजकाला वर्गणी भरावी लागते. बंगळूर-पुण्यातल्या सॉफ्टवेअरवाल्यांचे गट तिथं नियमित जमतात, त्यांना ती परवडते. आमचा फाउंड्रीवाला तिथं कधीच गेलेला नाही आणि त्याला तिथं नेण्यात माझी शक्ती घालवण्यात अर्थ नाही.

फुकट प्रवेशाला बहुतेक तिकीट मंच काही घेत नाहीत, पैसे असले की प्रत्येक तिकिटामागे टक्का. तोही प्रश्न मोठा नाही. खरी अडचण वेगळी आहे. ही साधनं जागा विकण्यासाठी बनलेली आहेत. दोनशे खुर्च्या, दोनशे तिकिटं, दारावर स्कॅन, काम संपलं. आमचं काम दार ओलांडल्यावर सुरू होतं. व्याख्यान, कार्यशाळा, ग्राहकांसाठीचं प्रदर्शन असेल तर मी डोळे झाकून तिकीट मंच घेईन. या भेटीसाठी नाही.

ठरलं ते असं: यादी एकच असेल, आमच्या स्वतःच्या शीटमध्ये. बाकी जे काही वापरू ते त्या यादीत माणूस आणून सोडण्यासाठी.

१३ नोव्हेंबर

फॉर्म. गूगल फॉर्म घेतला: फुकट आहे, उत्तर थेट शीटमध्ये पडतं आणि उत्तरानुसार पुढचा विभाग उघडता येतो. फाउंड्रीवाल्याला कास्टिंगचे प्रश्न, मशीन शॉपवाल्याला मशीनचे.

मसुदा घेऊन शेजारच्या शॉपमध्ये जाऊन बसले. पहिला प्रश्न ‘आपण काय काम करता?’ त्यावर तिथल्या दादांनी मान हलवली. “ताई, असं इचारलासा तर सगळे सीएनसी मशीनिंग लिवणार. चकात केवढा जॉब बसतोय ते इचारा. टॉलरन्स किती धरतोय ते इचारा. मशीन मोकळं कवा असतंय ते इचारा की.” लेथ चालू, कूलंटचा वास, आणि आम्ही दोघं चहाच्या कपाशेजारी कागद ठेवून प्रश्न खोडतोय. संपूर्ण प्रकल्पात यापेक्षा उपयोगाचा तास मिळेल असं वाटत नाही.

आता टर्निंगवाल्याला विचारतो की जास्तीत जास्त किती व्यासाचा नग बसतो. व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचं मिलिंग मशीन) असेल तर टेबलाची लांबी-रुंदी. कास्टिंग असेल तर ग्रे आयर्न की एसजी आयर्न, सर्वांत हलका आणि सर्वांत जड नग किती किलोचा, पॅटर्न (वाळूत साचा उमटवायचा नमुना) स्वतः करता की बाहेरून घेता. तपासणीसाठी सीएमएम हे अचूक मोजमापाचं यंत्र आहे का, नसेल तर कुठून करून आणता. आयएसओ ९००१ आहे का. आणि दादांचा प्रश्न: महिन्याला साधारण किती तास मशीन मोकळं असतं? खरेदीदाराला सगळ्यात आधी हेच हवं असतं आणि कुठल्याही छापील माहितीपुस्तिकेत ते नसतं.

उद्यम नोंदणी क्रमांकही विचारला. खजिनदार मामांना तो अनावश्यक वाटला. पण सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करायचं हे २००६ च्या एमएसएमईडी कायद्यात आहे, आणि वेळेत न चुकवलेलं बिल खर्चात धरू न देणाऱ्या आयकराच्या ४३बी(एच) कलमामुळे आता खरेदीदाराचा लेखा विभाग ते मनावर घेतो. पुरवठादार सूक्ष्म आहे, लघु आहे की मध्यम, हे त्याला सुरुवातीलाच कळलेलं बरं. मामा पटले.

मशीनचा फोटो किंवा प्रमाणपत्र फॉर्ममधून मागवायचं नाही असं ठरवलं. गूगल फॉर्ममध्ये फाइल जोडायची तर भरणाऱ्याला गूगल खात्यात साइन-इन करावं लागतं. आपल्या कित्येक शॉपमालकांच्या फोनमधलं ते खातं मुलानं उघडून दिलेलं असतं आणि पासवर्ड मुलालाच ठाऊक. तिथं अडलेला माणूस परत येत नाही. फोटो व्हॉट्सॲपवर घेऊ.

शेवटी संमतीची ओळ: ही माहिती या भेटीसाठी आणि तिच्या पाठपुराव्यासाठी वापरली जाईल, बाहेर दिली जाणार नाही. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहेच. पण कायदा नसता तरी ही ओळ घातली असती. कुणाचं मशीन रिकामं आहे ही माहिती बाजारात फिरली तर त्याचा दर पडतो.

१६ नोव्हेंबर

भाषा. आधी वाटलं होतं, पहिलाच प्रश्न ‘मराठी की कन्नड’ आणि पुढं दोन वेगळे विभाग. करून पाहिलं तर शीटमध्ये प्रत्येक प्रश्नाचे दोन रकाने झाले, मराठीचा वेगळा आणि कन्नडचा वेगळा. मग यादी एक राहत नाही. म्हणून एकाच प्रश्नात वर कन्नड, खाली मराठी. पर्याय मात्र कामावर बोलतात तेच: टर्निंग, मिलिंग, ग्राइंडिंग, होनिंग. ते दोन्ही भाषांत एकच आहेत. कन्नड मजकूर आमच्या शॉपमधल्या सुपरवायझर अण्णांनी बसून लिहिला, आणि एक प्रश्न कन्नडमध्ये सोपा जमला म्हणून मराठीतलाही बदलला.

गावाचं नाव टाइप करायला ठेवलं नाही. निवडायची यादी दिली, नाहीतर एकाच गावाची पाच स्पेलिंग येतात आणि मोजता येत नाही. माणसाची ओळख नावावरून धरायची नाही, मोबाइल क्रमांकावरून धरायची. तिथं दहा आकड्यांची अट घातली.

२१ नोव्हेंबर

पैसे. पुरवठादाराकडून टेबलाची फी ₹१,००० आणि १८ टक्के जीएसटी, म्हणजे ₹१,१८०. खरेदीदाराला काही नाही.

पेमेंट गेटवेचा सर्वसाधारण दर २ टक्के, त्यावर पुन्हा १८ टक्के जीएसटी, म्हणजे एका नोंदणीमागे ₹२७.८५. त्याबदल्यात पैसे आल्याची नोंद आपोआप होते. बँकेच्या चालू खात्याचा यूपीआय क्यूआर दिला तर काही कापलं जात नाही, यूपीआयवर जानेवारी २०२० पासून एमडीआर, म्हणजे पैसे घेणाऱ्याकडून कापलं जाणारं शुल्क, शून्य आहे. पण मग कुणी भरले हे हातानं जुळवावं लागतं. हजारो तिकिटं असती तर गेटवेच घेतला असता. आमच्याएवढ्या संख्येला क्यूआर पुरे. पैसे भरले की यूपीआयचा १२ आकडी संदर्भ क्रमांक फॉर्ममध्ये लिहायचा, तिथं बाराच आकड्यांची अट. मामा रोज संध्याकाळी बँकेच्या उताऱ्याशी ताडून शीटमध्ये टिक करतात.

हद्दीचा एक खास मुद्दा. नुसत्या प्रवेशाची फी असेल तर कार्यक्रम जिथं होतो तेच राज्य धरलं जातं. टेबलाची फी नोंदणीकृत उद्योगाकडून घेतो, तेव्हा त्याचं नोंदणीचं राज्य धरायला आमच्या सीएंनी सांगितलं. म्हणजे उद्यमबागेच्या शॉपला सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातल्या राज्यातला कर) आणि हद्दीपलीकडच्या शिनोळीच्या शॉपला आयजीएसटी (दोन राज्यांमधला). जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्य सांगतात, कर्नाटक २९ आणि महाराष्ट्र २७. शीटमध्ये ते दोन आकडे वेगळे काढणारा एक रकाना केला आणि बिलाचा प्रकार त्यावरून आपोआप पडतो. मामांचं एक डोकेदुखीचं काम गेलं.

२६ नोव्हेंबर

व्हॉट्सॲप. इथं सगळ्यांना वाटतं की निवडण्यासारखं काही नाही, गट करायचा आणि टाकायचं. पण भरपूर आहे.

गटात १,०२४ माणसं मावतात. मात्र प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो, आणि एकाच प्रकारचं काम करणाऱ्या स्पर्धकांना असं एकत्र उघडं ठेवणं मला पटत नाही. त्यात दिवस उजाडला की सुप्रभात आणि फुलं. ब्रॉडकास्टमध्ये एका यादीत २५६ जण, उत्तर फक्त आपल्याला येतं. पण ज्यानं आपला नंबर सेव्ह केलाय त्यालाच संदेश पोचतो, आणि इथंच बहुतेकांचे निरोप हवेत विरतात. कम्युनिटीच्या घोषणा गटात सभासदांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत.

आम्ही व्हॉट्सॲप बिझनेस ॲपवर वेगळा नंबर घेतला. नोंदणी झालेल्यांसाठी कम्युनिटी, बाकी चौकशीवाल्यांसाठी ब्रॉडकास्ट. फोनवर बोलताना वहिनी शेवटी न चुकता म्हणते, “एवढा नंबर ‘उद्योग भेट’ म्हणून सेव्ह करून ठेवा ओ, पुढचं सगळं यावरच येणार.” बिझनेस ॲपमध्ये लेबलं लावता येतात: चौकशी, फॉर्म भरला, पैसे आले, खरेदीदार. रोज दुपारी लेबल आणि शीट जुळवून घ्यायचं.

एक जण येऊन गेला, एका क्लिकमध्ये दहा हजार व्हॉट्सॲप पाठवून देतो म्हणाला. नाही म्हटलं. असल्या सॉफ्टवेअरनं नंबर बंद होतो, आणि बंद झालेला नंबर म्हणजे सगळ्यांच्या फोनमध्ये सेव्ह करून घेतलेला नंबर. एसएमएसचंही पाहिलं. दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमानं डीएलटी या नोंदणी मंचावर संस्था, हेडर आणि प्रत्येक मजकुराचा नमुना नोंदवावा लागतो. वर्षातून एका कार्यक्रमासाठी तो खटाटोप नको.

१ डिसेंबर

गूगल साइट्सवर एक पान केलं. तारीख, जागेचा नकाशा, कोणासाठी आहे, फॉर्मची लिंक, आमचा फोन. पोस्टरवरचा क्यूआर थेट फॉर्मचा न देता या पानाचा दिला, म्हणजे उद्या फॉर्म बदलला तरी छापलेली पोस्टरं वाया जात नाहीत. क्यूआर क्रोममधूनच काढला. पान उघडून उजवी कळ दाबली की मिळतो आणि त्याला मुदत नसते. ‘डायनॅमिक’ क्यूआर फुकट देणाऱ्या काही जागा चाचणीची मुदत संपली की तो बंद करतात.

माणूस कुठून आला हे कळण्यासाठी फॉर्मची आधीच भरलेली लिंक वापरली. ‘माहिती कुठून मिळाली’ या प्रश्नाचं उत्तर लिंकमध्येच भरलेलं असतं. व्हॉट्सॲपला एक लिंक, फेसबुकला दुसरी, वहिनी फोनवर ऐकून स्वतः भरते त्याला तिसरी.

तिसरी महत्त्वाची आहे. खरेदी अधिकारी फॉर्म भरत नाही. फोनवर मात्र पाच मिनिटांत सांगतो: अमुक वजनाचं एसजी आयर्न हवं, महिन्याला इतके नग, आताचा पुरवठादार वेळ पाळत नाही. ते ऐकता ऐकता वहिनी फॉर्म भरते. अध्यक्ष काकांच्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे.

८ डिसेंबर

पोस्टर. कॅन्व्हावर देवनागरी आणि कन्नड दोन्ही नीट बसतं. अडचण छापखान्यात. तिथं मराठी श्रीलिपी आणि कन्नड नुडी या जुन्या सॉफ्टवेअरांत टाइप होतं; युनिकोडमधला मजकूर उचलून त्यांच्या जुन्या फायलीत टाकला की जोडाक्षरं फुटतात. म्हणून मजकूर पाठवायचाच नाही, तयार पीडीएफ पाठवायची, आणि एक छापील नमुना डोळ्यांनी वाचल्याशिवाय पुढं जायचं नाही. कन्नड अण्णांनी वाचलं, मराठी मी.

दारावरच्या फलकावर कन्नड ठळक आणि वर. २०२४ च्या दुरुस्तीनुसार व्यापारी आस्थापनांच्या नामफलकावर ६० टक्के कन्नड लागतं. तेच माप आम्ही स्वतःहून या फलकाला लावलं. आलेल्या प्रत्येक खरेदीदाराला इथं आपलं स्वागत आहे असं वाटायला हवं.

१७ डिसेंबर

फेसबुकवर जाहिरातीसाठी जागा निवडताना राज्य निवडू नये. ‘कर्नाटक’ टाकलं की पैसे म्हैसूरपर्यंत पसरतात आणि डोळ्यासमोरचं चंदगड सुटतं. शहर निवडून त्याभोवती वर्तुळ टाकता येतं, जास्तीत जास्त ८० किलोमीटरचं. बेळगावभोवती ते टाकलं की खानापूर, चंदगड, गडहिंग्लज, संकेश्वर, निपाणी, धारवाड सगळं आत येतं. आपला खरा बाजार तो आहे, त्याला हद्द ठाऊक नाही. कोल्हापूर आणि हुबळी मात्र वर्तुळाबाहेर राहतात, ती दोन शहरं वेगळी जोडली.

फेसबुकवर पुरवठादार मिळतात. खरेदीदारासाठी लिंक्डइन. कंपनीचं नाव आणि ‘खरेदी’ किंवा ‘सोर्सिंग’ असा हुद्दा शोधून नाव काढायचं, दोन ओळींचा निरोप, आणि मग कंपनीच्या बोर्डावर फोन करून त्याच नावानं विचारायचं. नाव ठाऊक असलं की ऑपरेटर जोडून देतो. मराठी आणि कन्नड दैनिकांना बातमी दिली आहे. वयस्कर मालक अजून तिथूनच कळलं म्हणून फोन करतात.

३० डिसेंबर

फॉर्मच्या लिंकांवरून दिसतंय की पुरवठादार सर्वांत जास्त ओळखीच्या माणसानं पुढं पाठवलेल्या व्हॉट्सॲपमधून आले. फेसबुकवरून लाइक भरपूर, नोंदण्या थोड्या, पण त्या थोड्यांत गडहिंग्लजकडची अशी शॉप आहेत जी आमच्या कुणाच्याच ओळखीत नव्हती. त्यासाठी तो खर्च चालू ठेवायचा.

शीट सीएसव्ही करून एक्सेलमध्ये उघडली की देवनागरीचा चुरा होतो. थेट उघडायची नाही. डेटा इम्पोर्टमधून यूटीएफ-८ निवडून घ्यायची, किंवा गूगल शीटमधून सरळ एक्सेलची फाइल उतरवायची.

१० जानेवारी

भेटींचं वेळापत्रक. कॅलेंडली आणि गूगल कॅलेंडरची बुकिंगची सोय, दोन्ही पाहिलं. एका माणसाची वेळ अनेकांना द्यायला ती चांगली. इथं अनेक खरेदीदार आणि अनेक पुरवठादार एकाच वेळी, आणि निवड खरेदीदाराची. शेवटी शीटच.

उभ्या रकान्यात खरेदीदार, आडव्या ओळीत वेळ. वीस मिनिटं भेट, पाच मिनिटं उठायला-बसायला. प्रत्येक चौकटीत पुरवठादाराचा क्रमांक. एकाच ओळीत तोच क्रमांक दोनदा आला, म्हणजे एक माणूस एकाच वेळी दोन टेबलांवर, तर चौकट लाल व्हावी अशी काउंटइफची अट कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये घातली. वहिनी बसवत जाते, लाल दिसलं की हलवते. ज्या सॉफ्टवेअरसाठी मोठी रक्कम मोजायची तयारी चालली होती त्याचं हेच मुख्य काम होतं.

खरेदीदाराला आधी क्षमतांची यादी पाठवतो, नावाशिवाय: नगाचं वजन, मशीन, मोकळे तास. त्यानं खुणा केल्या की त्या पुरवठादारांना विचारून वेळ लावतो. नावं दोघांनी होकार दिल्यावर. यात वेळ जातो, पण या भेटीचा सगळा जीव इथं आहे.

४ फेब्रुवारी

सभागृहात जाऊन पाहिलं. वर पत्रा, आत नेटवर्क अधूनमधून. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या सिमचे हॉटस्पॉट, नोंदणीच्या लॅपटॉपवर शीट ऑफलाइन उघडेल अशी सोय, आणि वेळापत्रकाची ए-थ्री आकाराची प्रिंट भिंतीवर. दारावर क्यूआर स्कॅन करत बसायचं नाही. मोबाइलचे शेवटचे चार आकडे विचारायचे, शीटमध्ये शोधायचे, टिक. नकाशातली खूण खऱ्या फाटकावर आणून ठेवली. आधी ती मागच्या बोळात पडत होती.

७ फेब्रुवारी

रात्री उशिरा लिहिते आहे. उद्घाटन पंधरा मिनिटांत उरकलं, काकांनीच घड्याळ दाखवलं. अकराच्या सुमारास वीज गेली, जनरेटर सुरू होईपर्यंत लोक भिंतीवरचा कागद बघून आपापल्या टेबलावर गेले.

दुपारी एक पुरवठादार आला नाही आणि वेर्ण्याच्या खरेदीदाराची वेळ मोकळी पडली. वहिनीनं शीटमध्ये ‘पॅटर्न स्वतः करतो’ असं गाळून पाहिलं आणि सभागृहातच असलेल्या खानापूरच्या एका पॅटर्नवाल्यांना बोलावलं. खरेदीदारानं बॅगेतून एक कास्टिंग काढून टेबलावर ठेवलं, एका कडेला खरबरीत, फुगलेलं. पॅटर्नवाल्यांनी ते उचललं, पार्टिंग लाइनवरून, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात त्या रेषेवरून, अंगठा फिरवला, खिशातली पट्टी लावली. “ड्राफ्ट कमी हाय साहेब. पॅटर्न उपसताना वाळू तुटतेय. फाउंड्रीचा दोष न्हवं.” (ड्राफ्ट म्हणजे पॅटर्न वाळूतून सहज निघावा म्हणून कडेला ठेवलेला उतार.) खरेदीदारानं वही उघडली. वीस मिनिटांची घंटा झाली तरी दोघं उठले नाहीत, आणि पुढच्या पुरवठादारांनी स्वतः हातानं खूण करून सांगितलं, असू दे, बोलू दे.

१२ फेब्रुवारी

शीटमध्ये प्रत्येक भेटीपुढं तीन रकाने जोडले: ड्रॉइंग आलं का, दर दिला का, नमुना गेला का. वहिनी या आठवड्यात दोन्ही बाजूंना फोन करून पहिला रकाना भरते आहे. दुसरा मार्चच्या आधी, कारण नंतर कुणी उचलणार नाही. तिसरा मेमध्ये. वेर्ण्याहून ड्रॉइंग आलं आहे, पीडीएफ खानापूरला पाठवली. पॅटर्नवाल्यांच्या फोनवर ती उघडत नव्हती म्हणून अण्णांकडून छापून एसटीनं पाठवली, आणि ‘दर दिला का’ या रकान्यात त्यांची सोमवारची तारीख लिहून ठेवली आहे.